एकशे एक्कावन्न रीती

चैत्र सरत आला की शेजारच्या घरी ज्वारी भिजत पडते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा वास भिंत ओलांडून माझ्या खोलीत येतो. आंबट, कोंदट, नाकातून शिरून थेट घशात उतरणारा. धुळ्यातल्या ह्या कॉलनीत आता बिबडे घरी कुणी करत नाही, पाकिटं आणतात; शेजारच्या म्हाताऱ्या बाई मात्र अजून हट्टाला पेटलेल्या आहेत. माझी सून ओढणी नाकाला लावून खिडकी बंद करते आणि म्हणते, "आई, कसला हो हा घाण वास." मी म्हणते, घाणच आहे. त्या वासानं मला मळमळतं, हे खरं. पण त्यात ज्वारीचा काही दोष नाही. मळमळतं ते दुसऱ्याच गोष्टीनं, आणि ती गोष्ट ह्या वासाबरोबर दरवर्षी नेमानं येते.

ज्यांनी बिबडे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी कांडून कोंडा काढायचा, ती पाण्यात आंबू द्यायची, वाटायची, मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, तीळ घालून तिचा घाट शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर हातानं थापून खाटेवर वाळत टाकायचा. घाट थंड झाला की थापला जात नाही, म्हणून हात भाजू द्यावेच लागतात. पुढं वर्षभर पुरुषमाणसं ते कांद्याबरोबर कुडुमकुडुम खातात आणि "यंदा जरा जाड झाले" असं म्हणतात.

उन्हाळा हाच माझ्या बदलीचाही हंगाम. नवरा गेल्यापासून सहा महिने मी धुळ्याला धाकट्याकडे असते, सहा महिने जळगावला थोरल्याकडे. मुलं चांगली आहेत, सुना चांगल्या आहेत, कुणी वाकडा शब्द बोलत नाही. दोघं फोनवर आपसात ठरवतात आणि मग एक जण गाडी घेऊन येतो. माझी बॅग आता इतकी सरावली आहे की कपाटातून काढली की तिचं तोंड आपोआप उघडतं. "आई सध्या आमच्याकडे आहे," असं पाहुण्यांना सांगितलं जातं. ह्या 'सध्या' शब्दाचा मला वीट आला आहे. मी चाळीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, वर्गात आवाज चढवायची मला सवय आहे, पण ह्या एका शब्दावर आजवर तोंड उघडलेलं नाही.

नातू मधूनच मोबाईल घेऊन येतो आणि पुढची संख्या ओळखा म्हणून एक रांग दाखवतो. मी ओळखते आणि तो खूश होऊन जातो. मला त्या कोड्यांचीही किळस येते. पुढची संख्या काय, एवढंच विचारतात. ती संख्या कशाची, कोण मोजलं गेलं आणि कोण राहिलं, हे कुणी विचारत नाही. मी ते एका उन्हाळ्यात शिकले, मेहरूणच्या घराच्या धाब्यावर.

तेव्हाचं मेहरूण म्हणजे जळगावला चिकटलेलं खेडंच होतं. साठचं दशक संपत आलं होतं, मी बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या भाऊबंदांत इतकं शिकणारी मी पहिलीच मुलगी होते. खानदेशातल्या उन्हाळ्यावर लोक गुलमोहर, बहावा वगैरे घालून फार सुंदर लिहितात. मी त्या वाटेला जाणार नाही. मला आठवतो तो आटलेल्या तलावाच्या काठचा कुजका गाळ आणि त्यात मेलेले मासे. स्टेशनवर वॅगन भरायला गेलेले केळीचे घड नापास होऊन परत येत, ते गोठ्यामागं पडत, काळे पडून फुटत, आणि त्यांच्यावरची चिलटं वाऱ्याबरोबर घरात येऊन पाण्याच्या माठावर बसत. दुपारी पत्र्याला हात लावला तर कातडं निघेल असं ऊन. घरात तीसेक माणसं आणि एक मोरी. ह्या सगळ्यावर पसरलेला आंबलेल्या ज्वारीचा वास. असल्या हवेत मला परीक्षेचा अभ्यास करायचा होता.

अभ्यासाची जागा म्हणजे धाबं. आमचं घर मातीच्या सपाट छताचं, वर चारी बाजूंनी गुडघाभर उंचीचा पांढरा कठडा. तिथं खाटांवर बिबडे वाळत घातलेले असत आणि कावळे हाकायला कुणीतरी लागे. पोरगी नाहीतरी पुस्तक घेऊन बसतेच आहे, मग वर बसू दे, असं ठरलं. दर दहा मिनिटांनी उठून काठी आपटायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायचं, असा माझा अभ्यास चाले.

बिबडे थापायची केशरकाकू. म्हणजे थापायला सगळ्या जावा बसत, पण पातेल्यातला कढत घाट हातात घ्यायचं काम तिचं. माझे वडील आणि त्यांचे भाऊ मिळून सहा जण. त्यातले चौथे काका विषमज्वरानं गेले, लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि मूलबाळ नव्हतं. केशरकाकू त्यांची बायको. माहेर अमळनेरकडचं. आमच्या घरची बोली जळगावच्या पूर्वेकडची, तिची अहिराणी. ती बोलताना 'आहे'ला 'शे' म्हणाली की घरातली पोरं तिच्या मागं 'शे, शे' करत पळायची. इतकी वर्षं आमच्यात राहून तिनं तो 'शे' काही सोडला नाही. पहाटे उठून मोठी चूल फुंकायची ती, आणि सगळ्यात शेवटी जेवायची तीच. तिचे तळहात उन्हाळाभर लालबुंद, सोललेले असत. मला ते हात पाहवत नसत आणि त्या हातांनी वाढलेलं मात्र मी जेवत होते.

आता त्रिकोणाकडे येते. आमचे गणिताचे सर तपकीर ओढत. खिशातला तपकिरीनं पिवळा-तपकिरी झालेला रुमाल काढून ते आधी नाक पुसत आणि डस्टर सापडलं नाही तर त्याच रुमालानं फळा पुसत. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मला त्या रुमालाची जी शिसारी बसली ती अजून गेली नाही. पण माणूस हुशार. अभ्यासाची सुट्टी लागायच्या आधीच्या शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर आकड्यांचा एक त्रिकोण मांडला. पहिल्या ओळीत नुसता एक. पुढची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटच्या आकड्यानं सुरू करायची. मग डावीकडचा आकडा आणि त्या डावीकडच्याच्या डोक्यावर बसलेला आकडा, दोघांची बेरीज करून पुढचा आकडा लिहायचा. म्हणजे पहिली ओळ एक. दुसरी एक, दोन. तिसरी दोन, तीन, पाच. चौथी पाच, सात, दहा, पंधरा. पाचवी पंधरा, वीस, सत्तावीस, सदतीस, बावन्न. एक ओळ दुसरीला जन्म देते, बाहेरून काही आणावं लागत नाही.

"शेवटचे आकडे ढिगांचे आहेत," सर म्हणाले. "तीन वस्तूंचे ढीग किती प्रकारांनी होतील? पाच. करून पाहा. आता ओळींच्या बेरजा घ्या. एक, तीन, दहा, सदतीस, एकशे एक्कावन्न. ह्या बेरजा कशाच्या, ते मी सांगणार नाही. परीक्षेला नाहीत, तेव्हा तुम्ही कुणी शोधणारही नाही." मग त्यांनी रुमाल काढला आणि मी मान फिरवली.

परीक्षेला नसलेली गोष्ट डोक्यात घट्ट बसते, असा माझा अनुभव आहे. धाब्यावर गेले की आधी चुलीतला कोळसा घेऊन मी कठड्याच्या पांढऱ्या भिंतीवर तो त्रिकोण लिहायची. आणि ढीग करायला मला वस्तू शोधाव्या लागल्या नाहीत, कारण त्याच उन्हाळ्यात आमच्या घरात वाटण्यांचं घाटत होतं. खाली ओसरीवर बोलणं चाले आणि वर सगळं ऐकू येई. थोरले काका, म्हणजे आबा, म्हणत की चुली वेगळ्या केल्याशिवाय आता गत्यंतर नाही. दुसरे काका, म्हणजे नाना, म्हणत दोघं-दोघं एकत्र राहू, कुणी म्हणे माझं मी बघीन. माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, ते फारसं बोलत नसत. मी वर बसून मोजत होते. दोन भाऊ असतील तर रीती दोन, एकत्र किंवा वेगळे. तीन असतील तर पाच: तिघं एका चुलीवर, तिघं तीन चुलींवर, किंवा एक बाजूला आणि दोघं एकत्र, ती तीन तऱ्हांनी. पाच भावांच्या बावन्न. आमच्या घरात एका चुलीसाठी चाललेली भांडणं बावन्न तऱ्हांनी मिटू शकतात हे पाहून मला हसू आलं. तेवढंच त्या उन्हाळ्यातलं हसू.

एका दुपारी केशरकाकू बिबडे उलटायला वर आली. एका बाजूनं वाळले की ते अलगद सोडवून उलटावे लागतात. ती खाटेपाशी वाकली होती, माझ्या भिंतीकडे पाहून म्हणाली, "पोरी, हाई काय लिखी ऱ्हायनी तू?"

मी तिला सांगितलं. ह्या ओळीत दोन भाऊ, ह्या ओळीत तीन, ह्या ओळीत पाच, आणि हे शेवटी बावन्न. तिला आकडे वाचता येत होते. ती पाचव्या ओळीवरून बोट फिरवत गेली आणि बावन्नावर येऊन थांबली.

"यामा मी कोठे शे?" तिनं विचारलं.

आवाजात कसलीही तक्रार नव्हती. भांडं कुठं ठेवलं असं विचारावं तसं विचारलं. ओसरीवरचे सगळेजण वाटे पाच असंच म्हणत होते. सहावा वाटा गेला तो चौथ्या काकांबरोबर गेला, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कायद्यानं तिला हक्क होता हे मला पुष्कळ वर्षांनी एका वकिलाकडून कळलं, आणि तिला तर कधीच कळलं नसावं. त्या वेळी प्रश्न एवढाच होता की ही बाई उद्यापासून कुणाच्या चुलीवर जेवणार. तो प्रश्न घरात तिच्याखेरीज कुणाला पडला नव्हता.

मी कोळसा उचलला आणि सहावी ओळ लिहिली. बावन्न, सदुसष्ट, सत्त्याऐंशी, एकशे चौदा, एकशे एक्कावन्न, दोनशे तीन. पाच भाऊ आणि ती, सहा माणसं, दोनशे तीन रीती. आणि लिहिता लिहिता दिसलं की शेवटून दुसरा आकडा म्हणजे बरोबर वरच्या पाचव्या ओळीची बेरीज. सरांनी जिचा अर्थ सांगितला नव्हता ती बेरीज माझ्या डोळ्यांपुढं येऊन बसली होती. मी काकूला खाटेवर बसवलं आणि मोठ्यानं विचार करत गेले. समज, काकू, तू एकटी आहेस, तुझी चूल वेगळी. मग उरले पाच भाऊ, त्यांनी आपापसात कसंही राहावं, त्याच्या रीती बावन्न. दोनशे तीनमधून ह्या बावन्न काढल्या की उरल्या एकशे एक्कावन्न. म्हणजे पाचव्या ओळीतले सगळे आकडे मिळून तू एकटी नसण्याच्या रीती होतात. एकशे एक्कावन्न रीतींनी तू कुणाच्या ना कुणाच्या चुलीवर आहेस.

तिनं ते मन लावून ऐकलं. मग तिच्या त्या सोललेल्या हातांनी फडकं झटकलं. "इतल्या?" ती म्हणाली. "मंग एक ना एक तं सापडीच."

ती खाली गेली आणि मी उरलेली दुपार त्या भिंतीकडे बघत काढली. मला फार आनंद झाला होता. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला आपल्याला काहीतरी सापडलं की जग त्याप्रमाणं वागेल असं वाटतं. एकशे एक्कावन्नला बावन्न, म्हणजे जवळजवळ तिपटीनं पारडं काकूच्या बाजूला. एवढ्या रीती असताना माणसं नेमकी कशाला चुकतील, असं मी समजत होते.

वाटण्यांची बैठक अंगणात झाली. दोघं मध्यस्थ होते: आजीकडचे एक वयस्कर मामा आणि ज्यांच्या पेढीवर आमचा कापूस जायचा ते राजस्थानी शेठजी. सगळ्यांच्या मधे परातीत बिबडे ठेवले होते, त्याच आठवड्यात वाळलेले, वर कच्चं तेल आणि चिरलेला कांदा. जमिनी झाल्या, बैल झाले, विहिरीच्या पाण्याचे दिवस झाले. माणसं बोलत होती आणि खात होती. मी दाराच्या आड उभी होते. ती दाढांखाली कडकड बिबडे फोडणारी, बोटांवरचं तेल धोतराला पुसणारी, मिशांत तीळ अडकलेली माणसं मला आजही जशीच्या तशी दिसतात. त्यांत माझे वडील होते, ज्यांच्यावर माझा जीव होता. आतल्या खोलीत केशरकाकू लसूण सोलत बसली होती आणि तिलाही सगळं ऐकू येत होतं.

शेवटी मामांनी विचारलं, "आन् केशरचं काय?"

"तिचं काय आता," आबा म्हणाले. "आम्ही तिले उपाशी थोडी ठेवू. पाळीनं जेवीन. महिना मह्याकडे, महिना नानाकडे, अशी पाची घरी फिरीन."

"बढिया है," शेठजी म्हणाले. "पुण्य सबका, भार किसी का नहीं."

सगळ्यांना ते पटलं. इतकं पटलं की माना डोलल्या, कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. मी भाऊंकडे पाहिलं. ते काही बोलतील असं मला वाटलं, कारण भाऊ तापानं पडले तेव्हा त्यांच्या उशाशी पदर ओढून रात्ररात्र बसलेल्या काकूला मी पाहिलं होतं, आणि त्यांनीही पाहिलं असणार. भाऊंनी परातीतला आणखी एक बिबडा घेतला.

वासाबरोबर दरवर्षी येणारी गोष्ट ती ही. राग नव्हता, दुःखही नव्हतं. किळस होती. माणसं दुष्ट असती तर मला बरं वाटलं असतं. ही साधी, देवाला भिणारी, एकमेकांच्या पाया पडणारी माणसं होती, आणि आपण किती न्यायानं वागलो ह्या समाधानात ती खात होती. मी दाराआडून बाहेर आले आणि म्हणाले, "आबा, पाळी म्हणजे ती कुणाच्याच चुलीवर नाही."

आबांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "तू पेपरचं पाह्य, बाई," ते म्हणाले. शेठजी हसले. मामांनी परात माझ्यापुढं केली, घे म्हणाले. मी मोरीत जाऊन ओकले.

पेपर झाले. उन्हानं तापलेल्या हॉलमध्ये घामानं उत्तरपत्रिकेला हात चिकटायचा. शेवटचा पेपर देऊन बाहेर पडले तर व्हरांड्यात सर उभे होते. मी त्यांना सांगितलं की बेरजा कशाच्या ते मला सापडलं: एक माणूस वाढवायचा आणि तो एकटा न राहण्याच्या रीती मोजायच्या. त्यांचा चेहरा उजळला, आणि मला शाबासकी देताना त्यांनी तो रुमाल काढला नाही एवढं मला आठवतं. मग मी विचारलं, "सर, ह्यात पाळी कशी मोजायची? एक महिना ह्या ढिगात, एक महिना त्या ढिगात?"

"एकच वस्तू सगळ्या ढिगांत?" सर म्हणाले. "असं चालत नाही. एक वस्तू एकाच ढिगात असते, नाहीतर ती वस्तू मोजलीच नाही म्हणायची."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. कशासाठी ते त्यांना कळलं नसतं, म्हणून पडले नाही. घरच्या मोठ्या माणसांनी दोनशे तीन रीतींतली एकही निवडली नव्हती. बाहेरची, मोजदादीतच न बसणारी एक काढली होती आणि तिला न्याय म्हटलं होतं.

चुली वेगळ्या करायचा दिवस उजाडला. आमच्याकडे जुन्या चुलीचा निखारा नेऊन नवी चूल पेटवायची पद्धत होती, काडेपेटी चालत नसे. त्या सकाळी मोठी चूल नेहमीप्रमाणं केशरकाकूनं फुंकली. मग थोरल्या काकू आल्या, खापरीत निखारे घेऊन डोळे पुसत आपल्या खोलीकडे गेल्या. त्यांच्यामागं दुसऱ्या, मग माझी आई, मग धाकट्या दोघी. आई निखारे घेताना काकूकडे बघत नव्हती. पाच जणी गेल्यावर चुलीत राख आणि तळाशी लाल ठिपके उरले. अंगणातले पुरुष उठायला लागले होते, कारण विधी झाला होता.

केशरकाकू आत गेली आणि फुटक्या घागरीची एक खापरी घेऊन आली. तिनं राख चाळली, उरलेसुरले निखारे बोटांनीच उचलून खापरीत घातले आणि पदराआड धरून अंगण ओलांडत गोठ्याच्या पडवीत गेली. तिथं तीन दगड मांडून ठेवलेले होते. ते तिनं कधी मांडले कुणाला ठाऊक. गोवरीचा चुरा घालून ती फुंकायला लागली. शेणाचा, कुजक्या केळ्यांचा आणि धुराचा एकत्र वास अंगणभर झाला.

आबा पडवीपाशी गेले. "केशर, हे काय मांडलं? लोकं काय म्हणतीन? ह्या महिन्यात तुही पाळी मह्याकडे आहे."

जेठाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, ती कधी बोलत नसे, तोंडही वर करत नसे. त्या दिवशीही तिनं तोंड वर केलं नाही. चुलीकडे बघतच म्हणाली, "मन्ही पाळी मन्हाकडेच शे."

ज्योत धरली. तिनं त्यावर तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. आबा पायांत वहाणा सरकवून शेताकडे निघून गेले. मी जिना चढून धाब्यावर गेले. कठड्यावरची सहावी ओळ अजून होती. बावन्नातली एक रीत तिनं स्वतः उचलली होती. मला ती एकशे एक्कावन्नांत हवी होती, आणि ते काही झालं नाही.

तिचं एकटं राहणं गोड होतं असं मी लिहिणार नाही. पडवीत माश्या होत्या, पावसाळ्यात चिखल आत यायचा, आजारी पडली की चूल थंड असायची. मी नोकरीला लागेपर्यंत पुष्कळदा तिच्याकडे जेवले, त्या आंबूस वासातच. पण तिच्याकडे जेवताना ती माझ्याबरोबर जेवायची, आधी मी आणि मग ती असं नाही. ती गेली तेव्हा तेराव्याला पाचही घरांतून पाच पातेली आली, आणि सगळ्यांनी तिच्या हातच्या बिबड्यांची आठवण काढली. त्या दिवशी मी जेवले नाही.

त्या त्रिकोणाला पुस्तकात नाव आहे. मी पुढं कैक वर्षं तो फळ्यावर मांडला, सिद्धता दिली, आणि एक वस्तू एकाच ढिगात असते हे वाक्य जरा जास्तच जोरानं म्हटलं. विद्यार्थ्यांना वाटे बाई उगाच चिडतात. घरी तेच वाक्य म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र मी बॅग भरत राहिले, कारण मुलं चांगली आहेत. आबाही चांगलेच होते.

काल शेजारचा वास आला आणि संध्याकाळी जळगावहून थोरल्याचा फोन आला. दोन मुलं आणि मी, तीन माणसं, रीती पाच. मी कुणाबरोबर तरी असण्याच्या तीन, दुसऱ्या ओळीची बेरीज. मी एकटी असण्याच्या दोन. सहामाही पाळी ह्या पाचांत कुठंच बसत नाही. मेहरूणला आम्ही नवरा-बायकोनं बांधलेल्या दोन खोल्या आहेत, भाडेकरू गेल्यापासून त्या रिकाम्याच आहेत.

"आई, एक तारखेला गाडी घेऊन येतो," थोरला म्हणाला. "बॅग भरून ठेव."

"ये," मी म्हटलं. "पण तुझ्याकडे नाही, मेहरूणला सोड. आणि वाटेत एक शेगडी घ्यायची आहे."

मागं त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता.

"तिथं एकटी काय करशील, आई?"

"जेवेन," मी म्हटलं आणि फोन ठेवला.